हायड्रोजनची चाळणी आणि वाफ: सिरॅमिक पटलांच्या टिकाऊपणाचा इतिहास

 

आज आपण ज्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत, ती आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली नसेल. दिसायला ती अगदी साधी. बोटाएवढ्या जाडीची, पांढरी, भाजलेल्या मातीसारखी नळी. एका बाजूने गरम वायूंचं मिश्रण सोडायचं आणि नळीच्या भिंतीतून पलीकडे फक्त हायड्रोजन यावा अशी अपेक्षा करायची. या भिंतीला इंग्रजीत मेम्ब्रेन म्हणतात, आपण पटल म्हणू. आणि ती सिरॅमिकची, म्हणजे भाजून कठीण केलेल्या ऑक्साइडची असते.

या विषयावर वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली. वायू वेगळे कसे करायचे, हा प्रश्न माणसाने बऱ्यापैकी लवकर सोडवला. अडलं ते दुसरीकडेच. वेगळं करणारी ती भिंत टिकवायची कशी? पहिल्या दिवशी उत्तम चालणारी चाळणी शंभराव्या दिवशी कशी असेल? आजचं व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

मुळात गरज काय?

हायड्रोजन हवेत मोकळा मिळत नाही, तो काढावा लागतो. जगातला बहुतांश हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळसा यांच्यापासून बनतो. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो, त्यासाठी लागणारा हायड्रोजनही नैसर्गिक वायूतूनच येतो. पद्धत अशी: मिथेन आणि पाण्याची वाफ एकत्र करून निकेलच्या उत्प्रेरकावरून आठशे-साडेआठशे अंश सेल्सिअसला न्यायची. बाहेर काय येतं? हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, थोडा कार्बन डायऑक्साइड, उरलेला मिथेन आणि भरपूर वाफ. ही सगळी खिचडी. तिच्यातून हायड्रोजन निवडायचा.

नेहमीचा मार्ग म्हणजे खिचडी थंड करायची, टप्प्याटप्प्याने इतर वायू शोषून घ्यायचे आणि हायड्रोजन मोकळा करायचा. हे चालतं, रोज चालतं. पण गरम केलेलं थंड करायचं, त्यासाठी मोठमोठे मनोरे उभारायचे, यात खर्च आहे. आता कल्पना करा, की अभिक्रिया चालू असतानाच भट्टीच्या आत एक चाळणी बसवली आणि तयार होणारा हायड्रोजन जागच्या जागी काढून घेतला. तयार झालेला पदार्थ सतत उचलत राहिलं की अभिक्रिया पुढे सरकत राहते. मग तेच काम पाचशे-सहाशे अंशांतही होऊ शकतं. दोन कामं एका भांड्यात.

प्लास्टिकची पटलं हायड्रोजनसाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यांत वापरली जाऊ लागली, पण ती थंड वायूसाठी. पाचशे अंशांना प्लास्टिक कुठलं टिकणार? म्हणून सिरॅमिक. भाजलेल्या वस्तूला भट्टीचं काय भय, असा साधा हिशोब. हा हिशोब कुठे चुकला, ते पुढे येईल.

तडा गेलेली बरणी आणि चिलमीची नळी

सुरुवात १८२३ सालापासून करू. जर्मनीतल्या येना शहरात योहान डोबेरायनर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी काचेच्या एका बरणीत हायड्रोजन भरून ती पाण्यावर उपडी ठेवली होती. काही तासांनी बघतात तर बरणीतलं पाणी वर चढलेलं. म्हणजे आतला वायू कमी झालेला. बारकाईने पाहिल्यावर काचेला एक बारीक तडा दिसला. हायड्रोजन त्या तड्यातून निघून गेला होता.

एखादा म्हणाला असता, बरणी फुटली, फेकून द्या. डोबेरायनरांनी ती नोंद प्रसिद्ध केली. ती वाचून ग्लासगोच्या टॉमस ग्रॅहम यांनी नेमका प्रश्न विचारला: हायड्रोजन बाहेर गेला हे ठीक, पण त्याच वाटेने हवा आत आली का? आली होती. पण हायड्रोजन जितका गेला त्यापेक्षा बरीच कमी. तड्याऐवजी ग्रॅहम यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचं सच्छिद्र बूच वापरलं, वेगवेगळे वायू तपासले आणि १८३३ साली नियम मांडला. वायूचा पसरण्याचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शाळेत आपण तो ग्रॅहमचा नियम म्हणून शिकलो आहोत.

आपल्याकडे माठ सगळ्यांना ठाऊक आहे. माठ पाझरतो, कारण भाजलेल्या मातीत असंख्य बारीक वाटा असतात. ग्रॅहम यांनी १८६३च्या सुमारास अशाच मातीचा उपयोग केला. तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या पाइपची लांब नळी घेतली, ती काचेच्या मोठ्या नळीत बसवली आणि आतून वायूंचं मिश्रण सोडलं. हलका वायू भिंतीतून जास्त प्रमाणात बाहेर पडला, जड वायू पुढे गेला. सिरॅमिकच्या भिंतीने वायू वेगळे करण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत या बाजारातल्या पाइपची गणना करायला हवी.

याच ग्रॅहम यांनी १८६६ साली पॅलेडियम या धातूकडे लक्ष वळवलं. तापवलेल्या पॅलेडियममधून हायड्रोजन आरपार जातो, इतर वायू जात नाहीत. निवड जवळजवळ शंभर टक्के. काम संपलं असं वाटेल. पण त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं. पॅलेडियमच्या तारेत हायड्रोजन भरला की तार लांबते. हायड्रोजन काढून टाकला की ती आखडते, पण मूळ लांबीवर थांबत नाही, त्याहूनही आखूड होते. म्हणजे हायड्रोजन नुसता पाहुण्यासारखा येऊन गेला नाही, घराची मांडणी बदलून गेला. पुढे लक्षात आलं की साधारण तीनशे अंशांच्या खाली शुद्ध पॅलेडियम हायड्रोजनमध्ये फुगत-आखडत राहिलं तर ठिसूळ होऊन चिरतं. त्यात चांदी मिसळली की बरंच सुधारतं. तरीही धातू महाग, आणि गंधकाची थोडी मात्रासुद्धा त्याला सोसत नाही. म्हणून पॅलेडियमचा मार्ग आहे, आजही वापरात आहे, पण स्वस्त आणि टणक पर्यायाचा शोध थांबला नाही.

युरेनियमपासून दुधापर्यंत

सच्छिद्र भिंतीचं शास्त्र पुढे नेलं ते एका वेगळ्याच गरजेने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज इथे युरेनियमचे दोन समस्थानिक वेगळे करण्यासाठी प्रचंड कारखाना उभारला. तत्त्व ग्रॅहम यांचंच. पण युरेनियम हेक्साफ्लोराइडच्या दोन प्रकारांत वजनाचा फरक इतका थोडा, की एका टप्प्यात वेगळं होण्याचं गुणोत्तर जेमतेम १.००४३ येतं. त्यामुळे तोच वायू हजारो वेळा पटलांतून न्यावा लागला.

युद्धानंतर फ्रान्सने स्वतःचा अणुकार्यक्रम हाती घेतला, आणि तिथे या कामासाठी सच्छिद्र सिरॅमिक भिंतींवर मोठं संशोधन झालं. त्रिकास्तँ इथला वायू-विसरण कारखाना १९७९ पासून २०१२ पर्यंत चालला. अशा कारखान्यासाठी एकसारख्या छिद्रांच्या नळ्या प्रचंड संख्येने बनवण्याचं कसब फ्रेंच उद्योगाने कमावलं. अणुकार्यक्रमाची मागणी ओसरल्यावर त्या कसबाचं काय करायचं? १९८०च्या दशकात त्याच धर्तीच्या ॲल्युमिनाच्या नळ्या दूध, वाइन आणि सांडपाणी गाळण्यासाठी विकल्या जाऊ लागल्या. तिथे त्या चांगल्या टिकल्या. गरम पाण्याने, आम्लाने, अल्कलीने धुता येतात, वर्षानुवर्षं चालतात. सिरॅमिक म्हणजे टिकाऊ, ही समजूत पक्की झाली ती या काळात.

पण दूध गाळणं आणि हायड्रोजन गाळणं यात फार अंतर आहे. दुधातले जिवाणू साधारण एक मायक्रॉनचे. हायड्रोजनच्या रेणूचा व्यास ०.२८९ नॅनोमीटर. म्हणजे तीन हजार पटींहून अधिक लहान.

छिद्र लहान करत जाताना

१९८४ साली नेदरलंड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात बुरखराफ यांच्या गटाने एक महत्त्वाची पद्धत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचं पाण्यात विरजण करायचं, त्यात सच्छिद्र सिरॅमिकची चकती क्षणभर बुडवायची, वाळवायची आणि भाजायची. चकतीवर काही मायक्रॉन जाडीचा थर बसतो, आणि त्यातली छिद्रं चार नॅनोमीटरच्या आसपास येतात. याला सोल-जेल पद्धत म्हणतात. घर सारवताना आपण एकावर एक बारीक हात देतो ना, तसाच प्रकार. खाली जाड दाण्यांची चकती, वर बारीक थर, त्यावर आणखी बारीक.

चार नॅनोमीटर म्हणजे फारच लहान, असं वाटेल. पण हायड्रोजनसाठी तो राजमार्ग आहे. एवढ्या छिद्रात रेणू एकमेकांवर आपटण्यापेक्षा भिंतीवर जास्त आपटतात. याचा अभ्यास डेन्मार्कच्या मार्टिन क्नूडसेन यांनी १९०९ साली केला होता. या अवस्थेत निवड फक्त वजनावर होते. कार्बन डायऑक्साइडचं रेणुभार ४४, हायड्रोजनचं २. भागाकार २२, त्याचं वर्गमूळ ४.७. म्हणजे आदर्श स्थितीतसुद्धा हायड्रोजन फक्त पावणेपाच पट वेगाने जाणार. कारखान्याला हे पुरत नाही.

मग छिद्रंच इतकी लहान करायची, की मोठ्या रेणूला शिरताच येऊ नये. हायड्रोजन ०.२८९, कार्बन डायऑक्साइड ०.३३, नायट्रोजन ०.३६४, मिथेन ०.३८ नॅनोमीटर. या आकड्यांच्या मधे बसेल अशी जाळी कुठे मिळणार? उत्तर होतं सिलिकात, म्हणजे वाळूच्याच मूळ द्रव्यात. सिलिकाच्या काचेसारख्या रचनेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनची कडी असतात, आणि त्यांतली पोकळी साधारण याच मापाची असते.

१९८९ साली अमेरिकेत कॅलटेकच्या गव्हालस यांच्या गटाने सच्छिद्र काचेच्या नळीच्या छिद्रांत वायूंच्या अभिक्रियेतून सिलिकाचा थर बसवला आणि हायड्रोजन निवडून दाखवला. ट्वेंटेच्या गटाने सोल-जेलचा रस्ता धरला. तिथल्या दे व्होस आणि व्हरवाय यांनी १९९८ साली 'सायन्स' या नियतकालिकात निकाल छापला. थराची जाडी अवघी तीस नॅनोमीटरच्या आसपास. मिथेनच्या तुलनेत हायड्रोजन पाचशे पटींहून अधिक वेगाने जात होता, तोही दोनशे अंशांना.

हे त्यांना जमलं कसं? त्यांनी पटलं धूळमुक्त खोलीत बनवली. विचार करा, थर तीस नॅनोमीटरचा आणि हवेतला धुळीचा एक कण एक मायक्रॉनचा. म्हणजे कण थराच्या तीसपट जाड. असा एक कण बसला की तिथे भोक पडणार, आणि भोकातून सगळेच वायू जाणार. धूळ काढून टाकल्यावर चाळणी खरोखर चाळणी झाली. वेगळं करण्याचा प्रश्न इथे सुटला, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग वाफ

आता सुरुवातीच्या खिचडीकडे परत या. तिच्यात हायड्रोजन होता, मिथेन होता, कार्बनचे दोन वायू होते. आणि भरपूर वाफ होती. वाफेशिवाय ती अभिक्रियाच होत नाही.

पाण्याच्या रेणूचा व्यास या मोजपट्टीवर किती? ०.२६५ नॅनोमीटर. हायड्रोजनपेक्षाही लहान! म्हणजे हायड्रोजनला आत घेणारं दार पाण्याला अडवूच शकत नाही. आणि पाणी आत शिरून गप्प बसत नाही. सिलिकाची जाळी बनते सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशा पुलांनी. पाण्याचा रेणू हा पूल तोडतो आणि दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल गट लावतो. थोड्या वेळाने दुसरीकडचे दोन हायड्रॉक्सिल जवळ येतात, पाणी बाहेर टाकतात आणि नवा पूल बांधतात. तुटणं आणि जुळणं असं सतत चालू राहतं.

यात बिघडतं काय? तर हे पटल पाचशे-सहाशे अंशांना भाजलेलं असतं. सिलिका वितळते साधारण सतराशे अंशांना. म्हणजे पटलाची जाळी तशी अर्धकच्चीच, मोकळीढाकळी. तिला आकसून घट्ट व्हायचं असतं, पण थंडपणामुळे हालता येत नाही. वाफ तिला हालण्याची मुभा देते. कच्च्या विटांची भिंत कोरडी असते तोवर उभी राहते आणि ओल लागली की बसते, तसं हे आहे. बारीक छिद्रं मिटतात आणि हायड्रोजनचा ओघ घटतो. थर आकसताना ताण येतो, कुठेतरी तडा जातो, आणि तिथून मिथेनसकट सगळे जायला लागतात. ओघही गेला आणि निवडही गेली.

१९९४ साली त्सापात्सिस आणि गव्हालस यांनी अशा पटलांच्या म्हातारपणाचाच स्वतंत्र अभ्यास छापला. पटलं बनवून लगेच मोजायची नाहीत, आधी वाफेत जुनी होऊ द्यायची आणि मग मोजायची. आमच्या मते या इतिहासातलं हे महत्त्वाचं वळण आहे. प्रश्न 'किती चांगलं' यावरून 'किती दिवस चांगलं' यावर आला.

त्यात खालचा थरही सुटला नाही. सिलिकाच्या खाली जो ॲल्युमिनाचा थर असतो, तो गॅमा नावाच्या अस्थिर रूपात असतो. तापमान आणि वाफ यांमुळे त्याचे कण जाड होत जातात, छिद्रं मोठी होतात, कधी थरच सुटून येतो. छत ठीक आणि भिंत ढासळलेली, असा प्रकार. त्यावर लँथॅनमचा अंश मिसळून कणांची वाढ रोखण्याचे उपाय ट्वेंटेमध्ये आणि इतरत्र झाले.

उपाय आणि त्यांची किंमत

गेल्या पंचवीस वर्षांतलं बरंचसं संशोधन म्हणजे वाफेशी चाललेली बोलणी आहेत. प्रत्येक उपायाने काही मिळवलं आणि काही गमावलं. ते आपण एकेक करून बघू.

पहिला उपाय, पाण्याला आवडणार नाही असं पटल बनवायचं. १९९९ साली ट्वेंटेच्याच गटाने सिलिकात मिथिल गट घातले. हे तेलकट स्वभावाचे, त्यामुळे भिंतीवर पाणी कमी चिकटतं. फायदा झाला. पण मिथिल गटांमुळे जाळी थोडी सैल होते, आणि गरम हवेत, म्हणजे ऑक्सिजन असताना, ते जळून जातात.

दुसरा उपाय, पूलच बदलायचा. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन या पुलातला ऑक्सिजन पाणी तोडतं. मग काही पुलांत ऑक्सिजनऐवजी कार्बनची जोडी घातली तर? कार्बनचा तो बंध पाण्याला तोडता येत नाही. २००८ साली डच संशोधकांनी अशी संकरित पटलं जाहीर केली. ब्युटेनॉलमधून पाणी काढण्याच्या कामात ती दीडशे अंशांना वर्षाहून अधिक काळ चालली. आधीची सिलिकाची पटलं अशा कामात फार लवकर खराब होत. ही खरी झेप. पण इथेही छिद्र थोडं मोठं होतं, त्यामुळे हायड्रोजन आणि नायट्रोजन यांच्यातली निवड कमी भरते. शिवाय दीडशे अंश म्हणजे सहाशे नव्हेत. सेंद्रिय पुलाला उष्णतेची मर्यादा असते.

तिसरा उपाय, सिलिकात दुसरं ऑक्साइड मिसळायचं. जपानमध्ये हिरोशिमाच्या गटाने निकेल आणि कोबाल्ट वापरून बघितलं, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला कोबाल्टवर काम झालं. अमेरिकेत ओयामा यांच्या गटाने २००८ साली ॲल्युमिना मिसळलेली सिलिका वाफेत अधिक टिकते असं दाखवलं. धातूचे हे अंश जाळीत खुंटीसारखे बसतात आणि तिला सहज हालू देत नाहीत. ओघ सुरुवातीला थोडा घटतो, मग स्थिर होतो. पण स्थिर झालेला ओघ मुळातल्या कोऱ्या पटलापेक्षा कमीच असतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेखांच्या सारांशात ठळकपणे दिसतो तो बहुधा पहिल्या दिवसाचा आकडा. कारखान्याला हवा असतो स्थिर झाल्यानंतरचा. वर्षाचे तास ८,७६०. पाच वर्षं चालवायचं म्हणजे जवळजवळ ४४,००० तास. प्रयोगशाळेतल्या चाचण्या अनेकदा काही शे तासांच्या असतात. यात कुणी फसवतं असं आम्हाला म्हणायचं नाही. संशोधकाची शिष्यवृत्ती तीन-चार वर्षांची, भट्टी एक, रांगेत माणसं पाच. दीर्घ चाचणी करायला सवड मिळत नाही. पण परिणाम असा होतो, की वाचणाऱ्याला चाळणी तयार आहे असं वाटतं, आणि ती अजून तयार नसते.

दुसरं घराणं: छिद्रच नसलेली भिंत

आतापर्यंत आपण छिद्रांबद्दल बोललो. पण सिरॅमिक पटलांचं आणखी एक घराणं आहे, आणि त्यात छिद्र मुळीच नसतं.

१९८१ साली जपानच्या तोत्तोरी विद्यापीठात इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम आणि सेरियम यांच्या ऑक्साइडवर काम प्रसिद्ध केलं. त्यात दुसऱ्या धातूचा थोडा अंश मिसळला, की त्या घन, घट्ट सिरॅमिकमधून प्रोटॉन वाहतात असं दिसलं. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला हायड्रोजन. तो एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उडी मारत पुढे जातो. दुसरा कुठलाही वायू असं करू शकत नाही. त्यामुळे भिंत घट्ट असेल तर निवड शंभर टक्के.

आणि आता वाफेची गंमत बघा. या सिरॅमिकमध्ये ऑक्सिजनच्या काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. पाण्याचा रेणू तिथे येऊन बसतो, रिकामी जागा भरतो आणि दोन प्रोटॉन देऊन जातो. म्हणजे सिलिकाला मारणारी वाफ इथे पटलाला चालवते! वाफ नसेल तर वाहायला प्रोटॉनच नाहीत. एकाच खिचडीतला एकच घटक, पण एका भिंतीचा वैरी आणि दुसरीचा अन्नदाता.

मग अडलं कुठे? इथे खलनायक बदलला. स्ट्रॉन्शियमनंतर बेरियम आलं, बेरियम सेरेट. ते प्रोटॉन फार छान वाहून नेतं. पण खिचडीत कार्बन डायऑक्साइडही आहे, हे विसरून चालत नाही. बेरियम हा क्षारधर्मी आणि कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी. दोघं भेटले की बेरियम कार्बोनेट तयार होतं, सेरियमचं ऑक्साइड वेगळं पडतं आणि भिंतीचा भुगा होतो. वाफ जास्त झाली आणि तापमान उतरलं, तर बेरियम हायड्रॉक्साइडही होतं. अन्नदात्यालाही मर्यादा आहे म्हणायची.

उलट बेरियम झिरकोनेट कार्बन डायऑक्साइडला दाद देत नाही. स्टुटगार्टमध्ये क्रॉयर यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी दाखवलं, की यट्रियम घातलेल्या झिरकोनेटच्या कणांच्या आत प्रोटॉन चांगलेच वाहतात. पण कणाकणांमधल्या सीमांवर ते अडतात. सीमा कमी करायच्या तर कण मोठे हवेत, आणि हे द्रव्य इतकं हट्टी, की घट्ट भाजायला सोळाशे-सतराशे अंश लागतात. तेवढ्या तापात बेरियम उडून जायला लागतं.

म्हणजे एक चांगलं वाहतं पण टिकत नाही, दुसरं टिकतं पण भाजत नाही. मधला मार्ग निघाला तो मिश्रणाचा. थोडं सेरियम, थोडं झिरकोनियम, जोडीला यट्रियम. २००६ साली असं एक मिश्रण अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर त्याची अनेक भावंडं आली. भाजण्यासाठीही युक्ती सापडली. २००५ साली कॅलटेकच्या बाबिलो आणि हेली यांनी झिंक ऑक्साइडचा चिमूटभर अंश घालून झिरकोनेट तेराशे अंशांनाच घट्ट केलं. पुढे निकेल ऑक्साइडनेही अशीच मदत केली. कुंभाराला माहीत असतं, की मातीत काय मिसळलं तर आवा कमी तापवूनही भांडं पक्कं निघतं. तोच अनुभव इथे अणूंच्या पातळीवर कामाला आला.

जोडाचा प्रश्न

एक साधी पण त्रासदायक गोष्ट राहिली. सिरॅमिकची नळी शेवटी पोलादी भांड्यात बसवावी लागते. एक मीटर लांबीची ॲल्युमिनाची नळी पाचशे अंशांनी तापवली तर सुमारे चार मिलिमीटर वाढते. तेवढीच स्टेनलेस स्टीलची नळी आठ मिलिमीटरांहून अधिक वाढते. एकमेकांना घट्ट बांधलेले दोघं वेगवेगळे वाढणार, आणि यात सिरॅमिकला वाकता येत नाही, फक्त तुटता येतं. भट्टी जितक्या वेळा बंद-चालू होईल तितक्या वेळा ही परीक्षा. चाळणी उत्तम आणि जोड गळका, तर शेवटी गळकंच. आणि प्रोटॉन वाहणारं सिरॅमिक तर पाणी पिऊनही थोडं फुगतं, त्यामुळे ताण आणखी वाढतो.

या पार्श्वभूमीवर २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेला एक निकाल नीट वाचण्यासारखा आहे. नॉर्वेमधल्या संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह प्रोटॉन वाहणाऱ्या सिरॅमिकचे ३६ घट एकत्र जोडून एक संच चालवला. मिथेनचं पूर्ण रूपांतर झालं आणि ९९ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन दाबाखाली वेगळा मिळाला. १४० बारहून अधिक दाबालाही काम चालतं, हे तपासलं गेलं. द्रव्य म्हणाल तर त्याच बेरियम-झिरकोनियम-सेरियम-यट्रियम घराण्यातलं. या लेखात नवं काय होतं? सांगण्यासारखी मुख्य गोष्ट होती घटांना जोडणारा नवा दुवा, आणि त्यामुळे उष्णता, वायू आणि वीज यांचा सगळीकडे साधलेला समतोल. म्हणजे १९८१ पासून चाळीस वर्षांनी बातमी झाली ती जोडाची.

यातून आपण काय घ्यायचं?

समारोपाकडे येऊ. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटी रुपयांचं. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याचं उद्दिष्ट त्यात होतं. हा हायड्रोजन प्रामुख्याने पाण्याचं विघटन करून बनवायचा, तिथे आजच्या खिचडीचा प्रश्न तसा येत नाही. पण दूरवर नेण्यासाठी हायड्रोजन अमोनियाच्या रूपात साठवला, तर पोचल्यावर तो परत मोकळा करावा लागेल. म्हणजे गरम मिश्रण आलं आणि त्यासोबत वेगळं करण्याचं कामही आलं. बायोगॅसमधून हायड्रोजन काढायचा तरी तेच. म्हणून पुढच्या काही वर्षांत 'क्रांतिकारक पटल' अशा बातम्या आपल्यासमोर वरचेवर येतील.

तेव्हा एवढा इतिहास ऐकल्यावर आपण तीन प्रश्न विचारू शकतो. किती तास चाललं? वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधक असलेल्या खऱ्या मिश्रणात चाललं, की बाटलीतल्या शुद्ध वायूंवर? आणि किती वेळा थंड करून पुन्हा तापवलं? या तिन्हींची उत्तरं बातमीत असतील तर ती बातमी जपून ठेवा. नसतील तर पटल वाईट आहे असं नाही, त्याची परीक्षा अजून व्हायची आहे एवढंच समजा.

शेवटी पुन्हा ग्रॅहम यांच्याकडे जाऊ. पॅलेडियममधून हायड्रोजन आरपार जातो हे पाहून ते थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलंच असतं. पण त्यांनी हायड्रोजन निघून गेल्यावर ती तार पुन्हा मोजली, आणि ती आखूड झाल्याचं लिहून ठेवलं. काम झाल्यावर साधनाची पुन्हा मोजणी करायची, ही सवय त्या तारेपासून २०२२च्या छत्तीस घटांपर्यंत जिथे जिथे पाळली गेली, तिथे हा विषय पुढे सरकलेला दिसतो.

आज इथेच थांबू.